पहाऱ्यावरचा हुंकार

आमच्या घरात गोष्ट ऐकण्याचा एकच नियम होता. सांगणारा वाक्य संपवून थांबला की ऐकणाऱ्याने 'हं' म्हणायचं. 'हं' आलं नाही तर गोष्ट तिथल्या तिथे बंद. मग राजा घोड्यावर एक पाय टाकून लटकलेला असो, की राक्षसाने जेवायला तोंड उघडलेलं असो, बाबा शांतपणे पेपर उघडायचे. लहानपणी मी एका राजपुत्राला असाच विहिरीत अर्ध्यावर सोडून झोपले, तर दुसऱ्या दिवशी त्याला वर काढायला बाबांनी साफ नकार दिला. "तू हुंकार दिला नाहीस, तो बुडाला," म्हणाले. मी दिवसभर भोकाड पसरलं होतं.

बाबा एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये मायक्रोफोनसमोर बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते साऱ्या जगाला ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. दिवसभर एवढ्या माणसांशी बोलायचं आणि त्यातल्या एकानेही उलट 'हं' म्हणून म्हणायचं नाही. त्यामुळे घरी आल्यावर सगळी वसुली माझ्याकडून व्हायची.

ते वेलिंग्टनला आमच्याकडे आले तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. मला नुकतीच एका सरकारी खात्यात नोकरी लागली होती, नवरा आधीपासून आयटीत, आणि शाळा सुटायची तीनला. एवढ्या लहान मुलीला घरी एकटं ठेवायची इथे सोय नाही. आई पुण्यात वहिनीच्या बाळंतपणात अडकलेली, म्हणून बाबा एकटेच सहा महिन्यांसाठी आले. विमानतळावर त्यांचं मेतकूट हुंगून बघितलं गेलं, लोणचं उलटंपालटं करून बघितलं गेलं. बाहेर आल्यावर बाबा ऐटीत म्हणाले, "बघा काय बघायचं ते! खरा माल डोक्यात आहे. गोष्टींना कस्टम लागत नाही."

त्यांच्या डोक्यातला सगळ्यात भारी माल म्हणजे शिंक हरवलेल्या राजाची गोष्ट. ही त्यांची स्वतःची निर्मिती. एका राजाला शिंकच येईनाशी होते आणि तो ती शोधायला सैन्य पाठवतो, अशी सुरुवात. पुढे ती गरजेप्रमाणे कितीही लांबायची. माझ्या लहानपणी ती कधीच संपली नव्हती, कारण मी आधी मोठी झाले.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीला मांडीवर ओढलं आणि सुरू केलं, "आटपाट नगर होतं."

"ओके," ती म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कळतंय तिला सगळं, फक्त बोलते इंग्लिशमध्ये. त्यांनी पुन्हा जोर लावला. "तिथे एक राजा होता."

"येप."

"हे काय 'येप'? कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं! 'हं' म्हण."

"व्हाय? आय ॲम लिसनिंग!" असं म्हणून ती मांडीवरून उतरली आणि बाहेर खेळायला गेली. राजा नगरात उभाच राहिला.

आठवडाभर हेच चाललं. बाबा राजा काढायचे, ती 'येप' म्हणायची, बाबा पेपर उघडायचे. दोघांच्याही नाकावर राग. एका संध्याकाळी मी भाजी चिरत होते, तर स्वयंपाकघरात येऊन बाबा हळूच म्हणाले, "मला इथलं काही बघायचं नाही गं. डोंगर, समुद्र सगळं आपल्याकडे आहे. हिने एक गोष्ट हुंकार देऊन ऐकली म्हणजे झालं. नाहीतर मी तुझा डिशवॉशर भरायला आलो होतो, एवढंच होईल." मला त्यांची फार दया आली, आणि मुलीचा रागही आला. पण हुंकार काही दमदाटीने मागायची गोष्ट नाही. मी भाजी चिरत राहिले.

आमच्या घरात मीरकॅट शिरले ते शाळेच्या दारातून. वर्गात प्रत्येकाला एकेक प्राणी दिला होता, त्याच्यावर प्रोजेक्ट करायचा. हिच्या वाट्याला आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातला मीरकॅट आला आणि हिला त्याने झपाटलं. सकाळी उठून मी बघते तो ही पायजमा वर करून, उघडं पोट हीटरकडे करून ताठ उभी. मीरकॅट म्हणे रात्रभर बिळात एकमेकांवर ढीग करून झोपतात, आणि सकाळी बाहेर आले की पहिल्यांदा रांगेने उभे राहून पोटाला ऊन देतात. त्यांच्या पोटावर केस विरळ आणि खालची कातडी काळपट, त्यामुळे ते लवकर तापतं. पोट तापल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

"शहाणी जात आहे," बाबा म्हणाले. वेलिंग्टनच्या थंडीने ते आधीच मेटाकुटीला आले होते. दुसऱ्या दिवशी नवरा आंघोळ करून बाहेर आला, तर त्याचे सासरे बंडी वर करून हीटरपुढे उभे, शेजारी त्याची मुलगी, दोघांचे हात छातीशी लोंबते, नजर समोर. जावईबापू पुन्हा बाथरूममध्ये गेले आणि दार लावून हसत बसले.

मग लायब्ररीतून डीव्हीडी आल्या. त्यातलं इंग्लिश बाबांच्या डोक्यावरून जायचं, पण त्यांना त्याची गरजच नव्हती. टोळीतली एकच मादी सगळ्यांवर हुकूम चालवते, पिल्लंही बहुतेक तिलाच होतात, एवढं नातीने सांगितल्यावर त्यांनी तिचं 'थोरली' असं बारसं केलं आणि संसार लावायला घेतला. ही थोरली. ही तिची बहीण. तो कोपऱ्यात खाजवतोय तो घरजावई.

"मुलगे मोठे झाले की टोळी सोडून दुसरीकडे जातात," मी डीव्हीडीतलं ऐकून मराठीत सांगितलं, "आणि मुली आईजवळच राहतात."

बाबा उडालेच. "म्हणजे मुलगे सासरी जातात? आणि मुलींचं माहेर सुटतच नाही? कसलं भारी राज्य आहे हे!"

"पण मुलीला आईच्या आधी पिल्लं व्हायला लागली तर आई तिला चावून हाकलून देते."

"ते जाऊ दे," बाबा घाईघाईने म्हणाले. "प्रत्येक घरात काही ना काही असतंच."

एकदा थोरली चरायला गेली असताना तिच्या पिल्लांना दुसरीच मादी दूध पाजत होती. बाबांनी जाहीर केलं, "ही काकू."

आणि मुलगी ताडकन उठून उभी राहिली. "नो, आजोबा! शी इज हर सिस्टर! ती काकू नाही! ती मावशी!"

मी तोंडात पदर कोंबायचा तर पदर नव्हता, म्हणून उशी कोंबली. बाबांनी मात्र चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. "चुकलं बुवा. मावशीच ती. माय मरो, मावशी उरो म्हणतात ते उगाच नाही." तेव्हापासून ते मुद्दाम चुकायला लागले. आत्याला मामी म्हणायचे, मामाला काका म्हणायचे, आणि ही त्यांच्या अंगावर धावून जायची. इंग्लिशमध्ये सगळ्यांना एकच आँटी नि एकच अंकल, त्यात भांडणाला जागाच नाही. भांडायचं म्हणजे मराठीत यावं लागायचं.

विंचवाचा धडाही बाबांनी तिथूनच उचलला. मीरकॅट विंचू खातात, पण पिल्लाला एकदम जिवंत विंचू देत नाहीत. आधी मेलेला देतात, मग नांगी तोडलेला, आणि पिल्लू तयार झालं की जिवंत. माझी मुलगी तिखटाला हात लावायची नाही. बाबांनी तिच्या ताटात वाटीभर दह्यात ठेच्याचं एक बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा मेलेला विंचू." तिने डोळे मिटून खाल्ला. पुढच्या आठवड्यात दही कमी झालं, तो नांगी तोडलेला. शेवटी एका रविवारी तिने भाकरीबरोबर नुसता ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढत घरभर धावली आणि ओरडली, "आय ॲम अ ग्रोनअप मीरकॅट!" बाबांनी टाळ्या वाजवल्या. मी नळ सोडला.

पण राजा अजून नगरातच उभा होता. मध्ये एकदा बाबांनी हळूच "आटपाट..." असं काढून बघितलं. "नॉट द किंग वन," ती म्हणाली. त्या दिवशी त्यांनी डिशवॉशर दोनदा लावला, दुसऱ्यांदा रिकामाच.

मग आम्ही प्राणिसंग्रहालयात गेलो. मीरकॅटांच्या कुंपणाशी पोचल्याबरोबर बाबांनी हात जोडले. "मुंगसाच्याच जातीचं आहे. मुंगसाने तोंड दाखवलं की दिवस चांगला जातो, आणि इथे तर पंधरावीस तोंडं आहेत." थंड वाऱ्यात हाफपँट घातलेली एक राखणदार बाई लोकांना माहिती देत होती. मी मुद्दामच मागे राहिले. बाबांनी नातीचा हात धरून तिला पुढे काढलं.

"तिला विचार, या थोरलीचं माहेर कुठलं?"

"माय आजोबा इज आस्किंग, व्हेअर इज हर माहेर?"

"हर व्हॉट, स्वीटी?"

"माहेर! यू नो. द हाउस व्हेअर हर आई लिव्ह्ज."

राखणदार बाईने क्षणभर विचार केला आणि सांगितलं, ऑकलंड.

"वाटलंच," बाबा म्हणाले. "म्हणून एवढा तोरा." ऑकलंड सगळ्यात मोठं शहर आणि वेलिंग्टनकरांना त्याची ऐट खुपते, एवढं त्यांनी आमच्याकडून ऐकलं होतं. त्यांचं म्हणणं भाषांतर करून सांगितल्यावर ती वेलिंग्टनची बाई एवढी खूश झाली, की तिने आमच्यासाठी सगळी माहिती पुन्हा पहिल्यापासून सांगितली. आणि मुलगी एकेक वाक्य आजोबांना मराठीत देऊ लागली. मोडकंतोडकं, मध्येच इंग्लिशचे खडे, पण देत होती. वाळवंटात सगळे डोकं खाली घालून उकरत असतात, नाक वाळूत, डोळ्यांना काही दिसत नाही. तेव्हा एक जण झुडपावर नाहीतर वारुळावर चढून पहारा देतो. गरुड दिसला तर वेगळं ओरडतो, कोल्हा आला तर वेगळं. त्याला भूक लागली की तो उतरतो आणि दुसरा चढतो.

"आणि आजोबा, डेंजर नसतं ना, तेव्हा पण तो बोलतो. छोटं छोटं. सारखं सारखं. म्हणजे, आय ॲम हिअर, आय ॲम हिअर. मग बाकीचे वर नाही बघत. ते फक्त डिग करतात."

बाबांनी वरच्या दगडावर ताठ उभ्या असलेल्या मीरकॅटकडे बघितलं, नातीकडे बघितलं, आणि फलाट क्रमांक एकपासून बारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अगं, हा तर हुंकार!"

क्षणात कुंपणात एकही मीरकॅट उरला नाही. सगळी टोळी बिळात गेली. राखणदार बाई हसून हसून वाकली, लोक आमच्याकडे बघायला लागले, आणि बाबांना कशाचीच शुद्ध नव्हती. ते खाली बसून नातीला सांगत होते, "ऐकलं की नाही, हे सांगायला नसतो गं हुंकार! सांगणारा आपल्या नादात खाली डोकं घालून उकरत असतो. हुंकार आला की त्याला कळतं, वर कोणीतरी आहे. मग तो न घाबरता पुढे जातो." मी इतकी वर्षं हुंकार दिला होता, पण हे मलाही तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या मागच्या अंगणात पहारा सुरू झाला. मुलगी मातीत उकरायची आणि बाबा रंगकामाच्या शिडीवर कानटोपी घालून बसायचे. "हं... हं... हं..." सीगल आला की "गाडी वरून येत आहे!" आणि शेजाऱ्यांचं मांजर आलं की "गाडी फलाटावर लागत आहे!" मग ही धावत पायऱ्यांखाली लपायची. वेलिंग्टनचा वारा असा, की दोनदा कानटोपी शेजारी गेली. शेजारच्या आजीबाई ती परत द्यायला आल्या. "किया ओरा" असा इथला नमस्कार केला, मग आवाज खाली आणून मला विचारलं, तुझ्या वडिलांना छातीचा काही त्रास आहे का, दिवसभर कण्हत असतात. मी म्हटलं, नाही, ते नातीला सांभाळतायत. त्या बराच वेळ शिडीकडे बघत राहिल्या.

आणि मग बाबांनी डाव टाकला. एका दुपारी म्हणाले, "मला भूक लागली. पहारेकरी बदला." मुलगी आनंदाने शिडीवर चढली. बाबा खुरपं घेऊन खाली बसले, मेथी पेरायला वाफा उकरायला लागले. वरून "हं... हं..." सुरू झालं. मी घरून काम करत होते, खिडकीतून सगळं दिसत होतं. बाबांनी मान वर न करता, मातीशीच बोलल्यासारखं म्हटलं, "आटपाट नगर होतं."

"हं..."

"तिथे एक राजा होता."

"हं..."

"त्याला एकदा शिंकच येईना."

शिडीवर शांतता. पण पहाऱ्यावरचा गडी गप्प कसा राहणार? खालचे सगळे घाबरतील ना. "हं..." ती म्हणाली. आणि बाबा सुटले. सैन्य निघालं, मिरचीबाजारात गेलं, तपकिरीच्या दुकानात गेलं, वाफ्याची खोली वाढत गेली, मेथी राहिली बाजूला, तिथे नारळ पुरता आला असता. संध्याकाळी बाबा कंबर धरून आत आले. चेहरा मात्र पडलेला. "फसवून घेतला मी," म्हणाले. "पोरगी पहारा देत होती. गोष्ट थोडीच ऐकत होती!"

दुसऱ्या दिवशी तीन वाजून गेल्यावर दार धाडकन उघडलं, दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे, आणि ती सरळ बाबांपुढे जाऊन उभी राहिली. "आजोबा, मग राजाने काय केलं?"

बाबांनी पेपरची घडी घातली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढून पुसला. "तू काय म्हणालीस? मला नीट ऐकू आलं नाही."

"मग राजाने काय केलं?" ती ओरडली, आणि बाबांनी तिला उचलून घेतलं. कंबर दुखतेय हे ते विसरले होते. रात्री मी त्यांना मलम चोळून दिलं, तेव्हाही ते हसतच होते.

उरलेले महिने राजा रोज हिंडला. शिंक कुठेच मिळेना. "संपव ना, आजोबा," ती विनवायची, आणि बाबा म्हणायचे, "गाडी उशिराने धावत आहे."

परतीच्या दिवशी विमानतळावर बाबा एकदम लहान दिसायला लागले. येताना विमानात ओळखीचं एक कुटुंब बरोबर होतं, जाताना ते एकटे. सिडनीला विमान बदलायचं, इंग्लिश कामापुरतं, आणि तपासणीच्या रांगेची त्यांना मनातून धास्ती. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडणारा माणूस, स्वतः निघताना पासपोर्टचा खिसा पुन्हापुन्हा चाचपत होता. चार पावलं गेले की वळून बघायचे. पुन्हा चार पावलं, पुन्हा वळायचे. मागच्या लोकांची गर्दी होऊ लागली. मला रडू फुटलं.

मुलीने माझा हात सोडला आणि सामानाच्या रिकाम्या ट्रॉलीवर चढली. नवऱ्याने घाबरून ट्रॉली घट्ट धरली. ती ताठ उभी राहिली, हात छातीशी, आणि साऱ्या विमानतळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "हं!"

बाबा थबकले.

"हं!... हं!... आजोबा, मी आहे. तू डिग कर!"

ते वळले नाहीत. त्यांनी खांदे सरळ केले, बॅग उचलली, आणि पुढे चालत चालत स्टँडवरच्या आवाजात सुरू केलं, "तर काय झालं, राजा सगळं जग फिरून घरी निघाला!"

"हं!"

"वाटेत त्याला एक मुंगूस भेटलं!"

"हं!"

"ते म्हणालं, महाराज, जरा पोट उन्हाला धरा!"

"हं!"

रांगेतले लोक वळून बघत होते, कोणी हसत होतं, गणवेशातला एक तरुण बाबांना अदबीने हात करून आत बोलवत होता. बाबा दुधी काचेच्या पलीकडे गेले. आवाज बारीक झाला, शब्द कळेनासे झाले. आणि मग काचेपलीकडून आली एक प्रचंड, खोटी, बारा फलाटांवर ऐकू जाईल अशी शिंक.

आम्ही तिघंही मोठ्याने हसलो. मी डोळे पुसले, पर्स खांद्याला लावली आणि मुलीला म्हटलं, "चल, उतर. संपली गोष्ट."

ती उतरली नाही. काचेकडे बघत तिचं "हं... हं..." चालूच होतं.

"अगं, संपली ना?"

"गोष्ट फिनिश झाली, आई. पण आजोबा अजून घरी नाही पोचला ना." तिने दोनतीनदा आणखी हुंकार दिला, मग घशाला हात लावून खाली उतरली. "माझा घसा दुखतोय. आता तुझी ड्यूटी."

मी पर्स नवऱ्याच्या हातात दिली, ट्रॉलीवर चढले, आणि किती वर्षांनी बाबांना हुंकार दिला.